कॉलनीतली परीची घरं: मटेरियल नंतर ठरवा, आधी माळीमामांना विचारा

प्रश्न असा होता: नाशिकला इंदिरानगरकडे आमची कॉलनी आहे. मधोमध ओपन स्पेस, त्यात दहा-बारा मोठी झाडं, एका बाजूला दगडी कंपाउंड, दोन घसरगुंड्या. झाडांच्या बुंध्याशी परीची छोटी दारं, घरं, पूल, शिड्या असं काहीतरी मुलांसाठी करायचं मनात आहे. वर्गणीतून पंधरा हजार जमलेत. फायबरचं करावं, सिमेंटचं की लाकडाचं? नाशिकच्या पावसात काय टिकेल? आणि कमिटीतले एक-दोन काका म्हणतात की हे विलायती खूळ आपल्याकडे कशाला. त्यांना काय सांगायचं?

मी शाळांच्या आणि सोसायट्यांच्या आवारात अशी कामं करते. त्याआधी बरीच वर्षं गणपतीच्या आराशी करायचे, त्यामुळे प्लाय, तार, रंग आणि कमिटी या चारही गोष्टींशी चांगला परिचय आहे. तुम्ही मटेरियल विचारलंय आणि ते मी सांगणारच आहे. पण तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. उघड्यावरची, कुणाच्याही मालकीची नसलेली, रोज लहान हात लागणारी नाजूक वस्तू तुम्ही ठेवणार आहात. ती मोडणार हे धरूनच चाला. फायबरची केली तरी मोडेल, सिमेंटची केली तरी कुणीतरी उचलून घेऊन जाईल. त्यामुळे मोडलेला तुकडा रविवारी सकाळी अर्ध्या तासात, घरातल्या सामानातून बदलता येईल का, हे बघून सगळं ठरवा. एका अखंड सुंदर महालापेक्षा सुट्या सुट्या, हलक्या, पुन्हा करता येणाऱ्या वस्तू कॉलनीत जास्त जगतात.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत. ओपन स्पेस महापालिकेच्या ताब्यात आहे की तुमच्या सोसायटीच्या? बऱ्याच लेआउटमध्ये ती महापालिकेकडे वर्ग झालेली असते आणि लोकांना ते माहीतही नसतं. तसं असेल तर उद्यान विभागाकडे एक साधा अर्ज आणि सोबत दोन फोटो द्या. सोसायटीची असेल तर मीटिंगमध्ये ठराव घ्या. मुलं कोणत्या वयाची आहेत, कंपाउंडची भिंत पश्चिमेला तोंड करून आहे का, भटकी कुत्री किती, माळी रोज येतो की आठवड्यातून एकदा, या सगळ्यावर माझं उत्तर थोडंथोडं बदलतं.

सुरुवात माळीमामांपासून करा, हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय. अशा कामांचं सगळ्यात जास्त नुकसान मुलं करत नाहीत, ते खराटा आणि पाण्याचा पाइप करतात. सकाळी सहा वाजता अंधुक उजेडात पालापाचोळा ओढताना माळ्याला तुमची तीन इंची शिडी दिसत नाही, आणि दिसली तरी ती काडी आहे की कलाकृती हे त्याने का ओळखावं? नंतर तो आळ्यात पाइप सोडून देतो आणि तुमचा पूल, कुंपण, खडीची पायवाट सगळं वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून नकाशा काढायच्या आधी त्यांच्याबरोबर एक फेरी मारा. खराटा कुठून कुठे जातो, पाणी कुठल्या बाजूने सोडतात, पाचोळा कुठे साठवतात ते बघा. मग प्रत्येक घराखाली एक जुनी फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवा, म्हणजे कडेने खराटा फिरतो आणि आत काय आहे ते त्यांना न सांगता कळतं. जमलं तर एका घराची जबाबदारी त्यांच्याकडेच द्या. ओली जागा कुठली, सुकी कुठली, कुठलं रोप सावलीत जगेल, हे आपल्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

आता झाडं. झाडाला खिळा, स्क्रू, स्टेपल काहीही मारायचं नाही. सालीच्या लगेच खालच्या थरातून झाडाचं अन्न वाहतं. तिथे लोखंड घुसलं की जखम होते, आणि ओल्या हवेत त्या जखमेतून बुरशी आणि कीड आत शिरते. शिवाय महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येतच झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणं धरलेलं आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरलं जातं. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून आपल्या गावात काय वातावरण तापलं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. झाडाजवळ हातोडी घेऊन गेलात तर कुणीतरी फोटो काढेल, आणि बरोबरच करेल. तार गुंडाळणंही नको. बुंधा दरवर्षी जाड होतो, तार होत नाही, दोन-तीन वर्षांत ती सालीत रुतून बसते.

मग दार उभं कसं करायचं? दाराच्या मागच्या बाजूला दोन सळ्या लावायच्या, खाली वीतभर बाहेर काढायच्या, आणि त्या जमिनीत खुपसायच्या. दार बुंध्याला नुसतं टेकतं, चिकटत नाही. सळी जाताना मूळ लागलं तर जागा थोडी सरकवा, ठोकत बसू नका. बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा करायचा मोह होतो, तो आवरा. मुळांना हवा आणि पाणी लागतं, निदान मीटरभर जागा मोकळीच ठेवा. तुमच्याकडे काळी माती असेल तर आणखी एक गोष्ट. ती पावसात फुगते आणि एप्रिलमध्ये भेगाळते, त्यामुळे सरळ उभं केलेलं दार उन्हाळ्यात डोलायला लागतं. सळीच्या जागी चार इंच मुरूम भरून घेतला की हे बरंच कमी होतं.

कुठलं झाड, याचा विचार आपल्याकडे फार जपून करावा लागतो आणि परदेशी व्हिडिओत तो कुठेच नसतो. वड, पिंपळ, औदुंबर यांच्या बुंध्याशी छोटं दार लावलंत तर आठवड्याच्या आत तिथे हळदकुंकू वाहिलेलं दिसेल. मग एक उदबत्ती, मग पणती. एकदा का तिथे कुणी हात जोडले की ते दार हलवायची हिंमत कमिटीत कुणाची होत नाही, मुलांना चप्पल काढून जायला सांगतात आणि खेळ संपतो. यात कुणाची टिंगल नाही. गोदाकाठचं तीर्थक्षेत्र आहे हे, झाडाशी काहीतरी मांडलेलं दिसलं की हात आपोआप जोडले जातात. शिवाय वाळक्या पाचोळ्यात पणती म्हणजे साल होरपळण्याची हमखास सोय. म्हणून गुलमोहर, सोनमोहर, सप्तपर्णी, बूच, रेनट्री अशी झाडं निवडा. आवारात जुनी विहीर असेल तर तिच्या जवळपासही जाऊ नका. तिथे आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या देवतांचं, स्थान मानणारे लोक असतात, आणि तुमची पंखवाली परी त्यांना वेगळीच वाटू शकते. घराला तुळशीवृंदावन, देव्हारा, कळस असलं काही देऊ नका, दिसायला कितीही गोड असलं तरी.

खरं सांगायचं तर मी तुमच्या जागी असते तर पहिली दारं झाडांना लावलीच नसती, कंपाउंडला लावली असती. या दारांची जी चाल जगभर पसरली तिचं एक मोठं उगमस्थान अमेरिकेतलं मिशिगन राज्यातलं ॲन आर्बर हे गाव. तिथे जोनाथन राइट या चित्रकाराच्या हातचं पहिलं सार्वजनिक परीदार 2005 साली एका कॉफीच्या दुकानाच्या दर्शनी भागात दिसलं, आणि पुढे दुकानांच्या, इमारतींच्या भिंतींत अशी दारं निघत गेली. म्हणजे ती मुळात भिंतीतली दारं आहेत. भिंतीला वळचण मिळते, पाणी साचत नाही, खराटा लागत नाही. तुमच्याकडे तर काळ्या दगडाचं कंपाउंड आहे. दोन दगडांमधल्या सांध्यात दिवळीसारखी खाच सापडली तर अर्धं काम झालं.

आणि दार इंग्लंडच्या खेड्यातलं कशाला? पंचवटीत, जुन्या नाशकात अजून काही वाडे उभे आहेत. मुलांना घेऊन एक चक्कर मारा, दिंडी दरवाजा बघा, कडी-कोयंडा, उंबरठा, खुंट्या, कौलं बघा, मोबाइलवर फोटो काढून आणा. तसलं सहा-सात इंची दार केलंत तर काकांचा निम्मा विरोध तिथेच गळतो. माप एकच ठेवा: एक फुटाला एक इंच. सात फुटांचं दार सात इंचांचं, तीन फुटांची खुर्ची तीन इंचांची. माप चुकलं की वस्तू खेळण्यांच्या ढिगासारखी दिसते. माप जमलं की बघणारा आपोआप खाली वाकतो.

काकांना सांगायला आणखी एक गोष्ट तुमच्याकडे आहे. दिवाळीत तुमच्या कॉलनीत किल्ला होतोच ना? माती, गोणपाट, विटा, अळीव पेरून उगवलेलं गवत, वर मावळे. छोट्या मापाचं जग बांधायची सवय आपल्याला आहेच. फरक एवढाच की किल्ला पंधरा दिवसांत मोडतो आणि हे वर्षभर चालवायचं आहे. किल्ला करणारी मोठी मुलं या कामाला घ्या. गडाचा चढ आणि पायऱ्या कशा रचायच्या हे त्यांना शिकवायला लागत नाही.

बरं, मटेरियल. यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले थंड देशांतले आहेत. तिथला शत्रू म्हणजे हिवाळ्यात गोठणारं पाणी, त्यामुळे भाजलेल्या मातीच्या वस्तू तडकतात आणि ते लोक रेझिनकडे वळतात. नाशिक शहरात गारठा पडतो, पण भांडं फुटेल इतकं पाणी गोठत नाही. आपले शत्रू दोन: एप्रिल-मेचं ऊन आणि जून ते सप्टेंबरची ओल. उन्हाने रेझिन पिवळं पडतं, स्वस्त प्लास्टिक ठिसूळ होऊन हातात तुटतं. ओलीने एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) पावासारखं फुगतं, प्लास्टरच्या वस्तू मऊ पडतात आणि शाडू तर पहिल्याच सरीत विरघळतो.

म्हणून माझी पहिली पसंती कुंभाराकडची भाजलेली माती. उन्हाळा संपताना घरोघर गळके, फुटके माठ निघतात, ते मागून घ्या. फुटका माठ आडवा करून पाव भाग जमिनीत पुरला, फुटलेल्या खापऱ्या आत पायऱ्यांसारख्या रोवल्या आणि मधल्या मातीत रोपं लावली की एका परीचं दुमजली घर तयार. पाणी आपोआप झिरपतं, फुटलं तर दुसरा माठ. फक्त खापरीच्या सगळ्या धारा दगडावर घासून बोथट करा. पणत्या, बोळकी, भातुकलीतले मातीचे तवे-चुली हे सगळं आयतं मिळतं आणि एक इंचाच्या मापाला बऱ्यापैकी जुळतं. पितळेची भातुकली बाहेर ठेवू नका, तांब्याच्या पत्र्याचं छप्परही नको. ती भंगारवाल्याकडे कधी पोचली ते कळणार नाही.

दारासाठी सागाचे तुकडे सुताराकडे मिळतात. प्लाय घ्यायचाच असेल तर आयएस 710 असा शिक्का बघा, म्हणजे तो पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. त्याचा डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्याच्या चाचणीतून जातो. पण डिंक पाण्याला दाद देत नाही म्हणजे लाकूड देत नाही असं नव्हे. पाणी शिरतं ते कडांतून, आणि सगळ्यात जास्त खालच्या कडेतून, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या तोंडाच्या असतात. लोक दर्शनी बाजूला तीन हात रंग मारतात आणि दार उलटं करून खालची कड बघतच नाहीत. आधी ती कड रंगवा. जवसाचं तेल कोमट करून कापडाने चोळा, मुरू द्या, पुन्हा चोळा, लाकूड प्यायचं थांबेपर्यंत. तेलाची कापडं गोळा करून ठेवू नका, ती स्वतःहून तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. दार मातीला टेकू नये, खाली दोन इंच फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर वाळवीला आमंत्रण.

सिमेंट मी मोजक्या ठिकाणी वापरते, म्हणजे पूल, पायऱ्या, मशरूम. कोंबडीजाळीचा आकार करून त्यावर एकास तीन सिमेंट-वाळू थापायची, आठवडाभर ओलं गोणपाट टाकून पाणी मारायचं. रंगाची घाई नको. ताज्या सिमेंटमधला क्षार ऑइल पेंट उचकटून टाकतो, तीन-चार आठवडे थांबा आणि मग प्रायमर, एक्स्टिरिअर इमल्शन. रंगाचा डबा नामांकित कंपनीचाच घ्या. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा, जास्त नसावं असा आपल्याकडे नियम आहे, आणि मुलं वस्तू तोंडात घालतात. चमकीची पावडर नको, ती पावसाबरोबर मातीत जाते आणि तिथेच राहते. चमक हवीच असेल तर चिनी मातीच्या फुटक्या कपबशा, टाइल्सचे तुकडे सिमेंटमध्ये बसवा. चंडीगडचं रॉक गार्डन आठवा. नेक चंद सैनी नावाच्या सरकारी रस्ते निरीक्षकाने मोडकीतोडकी भांडी, बांगड्या, टाइल्स गोळा करून वर्षानुवर्षं गुपचूप उभं केलं आणि 1976 मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. एवढ्या उन्हापावसात ते रंग अजून उडालेले नाहीत, कारण रंग वर लावलेला नाही, मुळातच भाजलेला आहे.

आपल्या नाशिकची म्हणून एक गोष्ट आहे जी कुठल्या दुकानात मिळत नाही: द्राक्षाचं लाकूड. जुनी बाग काढली की वेलींची खोडं बांधावर पडलेली असतात, पिळवटलेली, साल सुटलेली, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी. परीच्या घराला यापेक्षा चांगला खांब मला अजून सापडलेला नाही. पण बागेत वर्षभर मोरचुदापासून अनेक फवारण्या होतात. तेव्हा खोडं ब्रशने घासून, सुटी साल काढून, दोन-तीनदा धुऊन, कडक उन्हात वाळवा. मुलांच्या हातात धुतल्यानंतरच द्या. आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत निघणाऱ्या काड्या ओल्या असताना हव्या तशा वाकतात. कुंपण, शिड्या, पाळणे, कमानी सगळं त्यातून होतं. साधी सुतळी बांधा. वर्षभरात काड्या खराब होतील, पुढच्या छाटणीला पुन्हा नव्या. या कामाला बदलती वस्तू का हवी हे मुलांना यातून आपोआप समजतं.

सुरक्षेचं आता सलग सांगते, कारण इथे तडजोड नको. दार उघडणारं असेल तर त्यामागे पोकळी नको. पावसाळ्यात दगडांच्या फटीत विंचू, साप येतात आणि मूल दारात पहिल्यांदा बोटच घालतं. मागे रंगवलेली फळी ठेवा, त्यावर आतल्या खोलीचं चित्र काढा. दगड रचताना फटी मातीने बुजवा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घशात साधारण सव्वा इंचाच्या आतली वस्तू अडकू शकते, त्यामुळे सुटी ठेवलेली प्रत्येक वस्तू त्याहून मोठी हवी. त्यापेक्षा लहान असेल ती पक्की चिकटवलेली हवी. बटण सेलवर चालणारे छोटे दिवे तर अजिबात नकोत. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होते.

पाण्याची तळी हा प्रत्येकाचा आवडता हट्ट. डेंगी पसरवणाऱ्या एडिस डासाला बशीभर स्वच्छ पाणी पुरतं आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतं ते याचसाठी. पण परीचं तळं दर आठवड्याला कोण उपसणार? तळं निळ्या काचेच्या गोट्या सिमेंटमध्ये पक्क्या बसवून करा किंवा आरशाचा तुकडा कडा सिमेंटमध्ये बुडवून बसवा. पणत्या-बोळक्यांना तळाशी भोक पाडा.

दिव्यांचं मी नाहीच म्हणते. सोलरच्या माळा झाडाच्या सावलीत नीट चार्ज होत नाहीत, आषाढ-श्रावणात तर ऊनच नसतं, आणि आतला छोटा सेल गंजला की माळ कचऱ्यात. त्याऐवजी अंधारात चमकणारी स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर मिळते. पारदर्शक पीयूमध्ये (पॉलियुरेथेन वार्निशमध्ये) कालवून खिडकीच्या तावदानाच्या मागच्या बाजूला लावा आणि वरून आणखी एक पीयूचा हात द्या, कारण ओल लागली की ती पावडर निकामी होते. तावदान म्हणून बोर्ड करणाऱ्याकडचे ॲक्रिलिकचे तुकडे चालतात. दिवसभराच्या उजेडावर संध्याकाळी खिडकी हिरवट उजळते, सुरुवातीला ठसठशीत, मग हळूहळू मंद. थंडीत सात वाजता खेळून परतणाऱ्या मुलांना तेवढं पुरतं.

किती करायचं? तीन. फार तर पाच. आणि एका जागी उभं राहून दोनपेक्षा जास्त दिसता कामा नयेत. इंग्लंडमध्ये सॉमरसेटच्या वेफर्ड वुड्स या जंगलात लोक झाडांच्या बुंध्याशी हौसेने परीदारं आणून लावू लागले. 2015 पर्यंत ती दोनशेच्या आसपास झाली आणि जंगल सांभाळणाऱ्यांना आता पुरे म्हणावं लागलं. कॉलनीत हे फार लवकर होतं. एका बिल्डिंगने दार लावलं की दुसऱ्या बिल्डिंगची मुलं चकचकीत प्लास्टिकचा राजवाडा आणून ठेवतात, मग वाढदिवसाची टोपी, मग एक बाहुली जिचा एक हात नाही. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन जणांची एक छोटी मंडळी ठरवा. नवीन वस्तू त्यांना दाखवून ठेवायची, महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळं बघायचं, जुनं काढायचं. पंधरा हजारांतले निदान पाच हजार हात न लावता पुढच्या पावसाळ्यानंतरच्या डागडुजीला ठेवा.

एक पत्रपेटी मात्र जरूर करा. जुना टपालपेटीच्या आकाराचा लाल डबा, खाली पाणी निथळायला भोक. मुलं परीला पत्रं लिहितात, अगदी जी शाळेत दोन ओळी लिहायला कंटाळतात तीसुद्धा. उत्तरं कोण लिहिणार हे पेटी लावायच्या आधी ठरवा, कारण उत्तर आलं नाही तर दुसरं पत्र येत नाही. अक्षर ओळखू येणार नाही अशी व्यक्ती हवी. नियम दोनच: परी कुणालाही वस्तू द्यायचं कबूल करत नाही, आणि परी प्रश्नाच्या उत्तरात एक प्रश्न विचारते. एका शाळेत पहिलीतल्या मुलाने लिहिलं होतं, "तू पावसात कुठे झोपतेस? आमचं पण गळतं." त्याला उत्तर आलं की मी सप्तपर्णीच्या खालच्या फांदीखाली झोपते, तिथे थेंब सगळ्यात उशिरा पडतो, खरं की खोटं तू बघून सांग. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग छत्र्या घेऊन झाडाखाली उभा. गळक्या घराचं शिक्षिकेने वेगळं, शांतपणे बघितलं. कधीकधी अशा पत्रांतून घरातलं दुःखही येतं, म्हणून उत्तर लिहिणारं माणूस समजूतदार हवं आणि असं काही आलं तर कुणाशी बोलायचं हे त्याला माहीत हवं.

परी खरी असते का, असं मुलं तुम्हाला विचारतीलच. मी सांगते, "मी तर पाहिली नाही, तू बघितलीस तर सांग." मोठ्या मुलांना गुपित कळलं की त्यांना रागवू नका, कामाला लावा. आठवी-नववीतली मुलं रात्री गुपचूप शिडी बदलायला जो उत्साह दाखवतात तो भल्याभल्यांत नसतो. उद्घाटन, फीत, नगरसेवकांचा बोर्ड यातलं काही करू नका. एका रात्री लावा आणि सकाळी कुणाला काही सांगू नका, मुलांना आपलं आपण सापडू दे.

म्हणजे क्रम असा होतो. सध्या पाऊस चालू आहे ते उत्तमच, पुढच्या मोठ्या सरीत छत्री घेऊन ओपन स्पेसमध्ये फिरा आणि पाणी कुठून वाहतं, कुठे साचतं, भिंतीचा कुठला भाग कोरडा राहतो ते खडूने किंवा दगड ठेवून खुणा करून घ्या. जागा कुणाची ते या महिन्यात पक्कं करा. माळीमामांबरोबरची फेरी आणि वाड्यांची चक्कर गणपतीच्या आधी उरका, कारण एकदा आरास सुरू झाली की कमिटी तुमच्या हाती लागणार नाही. सिमेंटचं काम नवरात्रात, रंग दिवाळीच्या सुट्टीत. माती-माठाच्या वस्तू आताच गोळा करायला लागा.

आणि काड्या हव्या असतील तर ओळखीच्या एखाद्या बागाईतदाराला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवा. ओझर, पिंपळगाव, दिंडोरी, निफाड, कुठलाही चालेल. छाटणी चालू झाली की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते, काड्या बागेतच कुट्टी करून टाकतात किंवा बांधावर लावून पेटवतात. छाटणीच्या दिवशीच जाऊन भारा उचला, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा आणि दोन दिवसांत वाकवून घ्या. नंतर त्या कटकन मोडतात.